बिनसुईची तपासणी

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तळमजल्याच्या टोकाला एक खोली आहे. तिला खिडकी आहे, पण काचांना आतून काळा कागद लावलेला. त्या खोलीत एका बाईंनी सव्वीस वर्षं डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं. मोठ्या डॉक्टरीणबाईंपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्यांना फोटोताई म्हणत. मी त्याच खोलीतली सिस्टर. चौदा वर्षं मी सुई टोचली आणि त्यांनी फोटो काढले.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. साखरेचा आजार जुना झाला की डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कच्च्या होतात आणि झिरपायला लागतात. ते पाणी पडद्यात साचलं की नजर जाते. कुठून झिरपतंय हे शोधायला पेशंटला यंत्रासमोर बसवायचं, हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. मी दंडाला पट्टा बांधून शिरेत नारिंगी-पिवळा डाय सोडायची. पंधरा-वीस सेकंदांत तो डोळ्यात पोचायचा आणि फोटोताई निळ्या प्रकाशात भराभर फोटो घ्यायच्या. वाहिनी धड असली तर डाय तिच्या आतच राहतो. गळकी असली तर तिथे पांढरा ठिपका उमटतो आणि हळूहळू पसरतो, टीपकागदावर शाई पसरते तसा. तो पसरतोय की नाही हे बघायला दहा मिनिटं थांबावं लागे.

पेशंटला मळमळायचं. दिवसभर अंग पिवळट दिसायचं, लघवी तर झेंडूसारखी. हे आधी सांगितलं नाही तर लोक दुसऱ्या दिवशी कावीळ झाली म्हणून धावत यायचे. एका गृहस्थांनी विचारलं होतं, "एवढे फोटो काढलेत, एखादा पासपोर्टला चालेल का?" फोटोताई म्हणाल्या, "चालेल की. ओळखणारा तेवढा आतून ओळखीचा पाहिजे."

मधली ती दहा मिनिटं म्हणजे फोटोताईंचं राज्य. अंधारात, समोरच्याचा चेहरा दिसत नसताना माणूस काय वाटेल ते बोलतो. एका बसड्रायव्हरने बायकोच्याही आधी त्यांना सांगितलं की आपल्याला आठ महिन्यांपासून उजवीकडचा आरसा नीट दिसत नाही. एका बाईंनी सांगितलं की बहिणीशी बारा वर्षं बोलणं नाही, आणि कारण काय, तर आईचं शिवणयंत्र. फोटोताई "हं, मग?" एवढंच म्हणायच्या. सल्ला द्यायच्या नाहीत, म्हणूनच लोक बोलत असावेत. मी सुई काढून कापसावर बोट दाबून उभी असायची आणि ऐकायची.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यात त्या आणि त्यांची आई. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. भाऊ दूर देशी, दर शनिवारी त्याचा फोन. तो फोन स्पीकरवर ठेवून बोलायचा, त्यामुळे वहिनीचा आणि मुलांचा गलका ऐकू यायचा आणि ताईसाठी वेगळं असं वाक्य क्वचितच यायचं. आई गेल्यावर भाऊ येऊन बारा दिवस राहिला, तेराव्या दिवशी गेला. त्यानंतर फोटोताई रविवारीसुद्धा दवाखान्यात यायला लागल्या. कशाला म्हणून विचारलं की म्हणायच्या, "लेन्स पुसायच्या राहिल्यात."

आमच्या खोलीत इतक्या वर्षांत भलतंसलतं असं एकदाच घडलं.

एक रफूवाल्या मावशी आल्या होत्या. पन्नाशीच्या, सडसडीत, तोंडाने फटकळ. फाटलेल्या कोटाचं भोक असं बुजवायच्या म्हणे, की नंतर मालकालाच सापडू नये. त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून काढायचा आणि तोच धागा भोकावर विणायचा, असं काम. डावा डोळा धूसर झाला म्हणून आल्या. त्या दिवशी बाहेर बाकावर एकोणीस पेशंट बसले होते. मी डाय सोडला. मिनिटभरात मावशींनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "घसा आवळतोय." ओठ बघता बघता सुजले, अंगभर गांधी उठल्या, रक्तदाब खाली गेला. घंटा वाजवली, डॉक्टर धावत आले, इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. वाचल्या. दोन दिवस वॉर्डात राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न सांगता निघून गेल्या. त्यांच्या केसपेपरवर लाल शाईने लिहिलं गेलं, 'डाय देऊ नये'.

चौकशी झाली. आमच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, पूर्वी कुठल्या औषधाने त्रास झाला होता का. मावशींच्या फॉर्मवर 'नाही' या शब्दापुढे खूण होती आणि खाली त्यांची सही. त्यामुळे दोष कोणाचाच निघाला नाही. पण कागदाने सुटका झाली तरी मनाने होत नाही. मला वाटत राहिलं की त्या दिवशी गर्दी बघून मी डाय फार घाईने सोडला. तेव्हापासून डाय सोडताना मी मनात आकडे मोजायला लागले. हे मी कोणाला बोलले नाही. फोटोताईंनाही नाही.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली तेव्हा नवं यंत्र आलं.

दोन माणसांनी ते खोक्यातून काढून आमच्या जुन्या यंत्राशेजारी मांडलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बोलावून समजावलं. "यात सुई नाही, डाय नाही. नुसता प्रकाश आत जातो आणि पडद्याच्या एकेका थरावरून परत येतो. जिथे पाणी झिरपून साचलंय तिथून तो कमी परत येतो. अशा जागा यंत्र शोधतं आणि नकाशावर रंगवून दाखवतं. एका डोळ्याला चार-पाच सेकंद."

"आणि सिस्टर?" फोटोताईंनी विचारलं.

"सिस्टरला आपण तिसऱ्या मजल्यावर घेऊ. तिथे माणसं कमीच आहेत."

पण डॉक्टरीणबाई घाईच्या माणूस नव्हत्या. सहा महिने त्यांनी दोन्ही तपासण्या करायला लावल्या. ज्या पेशंटला डाय द्यायचाच आहे, त्याचा आधी नव्या यंत्रावर नकाशा आणि मग जुन्यावर फोटो. संध्याकाळी फोटोताई दोन्ही चित्रं शेजारी लावून बसायच्या. बहुतेक वेळा जुळायची. कधी जुळायची नाहीत. एकदा नकाशावर मधोमध मोठा डाग आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे डायमध्ये कसं दिसलं नाही?"

"हा डाग खोटा आहे," फोटोताई म्हणाल्या. "आजोबा मध्येच पापणी मिटत होते, आणि मोतीबिंदूची सावलीही पडलीय. सकाळी पुन्हा घेते."

दुसऱ्या दिवशी डोळ्यात थेंब घालून, आजोबांना दोनदा उघडझाप करायला लावून त्यांनी पुन्हा नकाशा घेतला. डाग नव्हता. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंनी नियम केला, फोटोताईंची सही असल्याशिवाय एकही नकाशा वर पाठवायचा नाही. फोटोताईंना त्याचं बरं वाटलं असणार.

सहा महिन्यांनी डाय जवळजवळ बंद झाला आणि मी तिसऱ्या मजल्यावर गेले. डोळ्यात औषधाची इंजेक्शनं देतात त्या खोलीत. दुपारचा डबा तेवढा आम्ही एकत्र खायचो, त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर. एका दुपारी त्या म्हणाल्या, "आज चौसष्ट पेशंट झाले."

"बाप रे. दमलात?"

"दमायला काय झालं? हनुवटी इथे, निळ्या खुणेकडे बघा, हलू नका, झालं. चौसष्ट वेळा. एकाचाही आवाज आठवत नाही मला."

मी हसले. तेव्हा मला ते गमतीचंच वाटलं. माझ्या घरी सासू, नवरा, दोन मुली. सकाळी न्हाणीघराला रांग लागते. कोणाशी न बोलता एक तास मिळाला तर मी देवाचे आभार मानीन. आठवडाभराने त्या जिना चढून वर आल्या. हातात कार्यालयाने पाठवलेला फॉर्म होता. 'तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावे' या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे तुझा नंबर घालू का? भावाला कळवून तो येईपर्यंत दोन दिवस जातील."

"घाला ना. विचारता काय?"

"विचारायला नको का," त्या म्हणाल्या आणि माझ्याच टेबलाशी उभं राहून त्यांनी तो भरला. 'नातं' या रकान्यात काय लिहावं ते त्यांना सुचेना. शेवटी रेघ मारली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या जुन्या केसपेपरांच्या खोलीत गेल्या आणि त्या रफूवाल्या मावशींचा कागद शोधून पत्ता उतरवून घेतला. पुढे जे झालं ते त्यांनी मला एका सोमवारी सांगितलं, पण मी सरळ क्रमाने सांगते.

पत्ता एका लाँड्रीचा निघाला. मावशी त्याच दुकानाची कामं घ्यायच्या. लाँड्रीवाला म्हणाला, "रफूचं काम बंद होऊन दीड वर्ष झालं. डावा डोळा तर कधीच गेला, आता उजव्यालाही दिसत नाही म्हणतात. मी बटणं लावायला पाठवतो. बटण हाताला कळतं." आणि मागच्या गल्लीतलं दार त्याने लांबूनच दाखवलं.

मावशींनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फोटोताईंनी दवाखान्याचं नाव घेतलं.

"त्या दवाखान्याचं नाव माझ्या दारात काढू नका."

"मी ओढून न्यायला आले नाही. आता सुई न टोचता तपासणी होते, एवढंच सांगायचं होतं. डाय नाही. पाच सेकंद प्रकाशाकडे बघायचं."

मग मावशी म्हणाल्या, "आवाज ओळखला मी तुमचा. अंधारातल्या बाई तुम्ही. सिस्टर यायच्या आधी मी तुम्हाला सांगितलं होतं की एकदा इंजेक्शनने माझ्या अंगावर गांधी उठल्या होत्या. तुम्ही म्हणालात, सगळेच असं म्हणतात, काही होत नाही."

"हो."

"माझ्या मनाचे खेळ असतील असं वाटत होतं मला. दवाखान्यातले सगळे म्हणाले, तुम्ही काही सांगितलंच नाही, कागदावर 'नाही' आहे."

फोटोताईंनी मग ते सांगितलं. बाहेर एकोणीस माणसं होती, आणि वेळ वाचावा म्हणून त्या दिवशी त्यांनी सकाळीच सगळ्या फॉर्मांवर 'नाही'पुढे खुणा करून ठेवल्या होत्या. मावशींनी सांगितल्यावर ती खूण खोडून बदलायची होती. त्यांनी बदलली नाही. चौकशीच्या वेळी गप्प बसल्या. घरी आई आजारी, नोकरी गेली तर काय, असं तेव्हा वाटलं होतं. आई जाऊनही तीन वर्षं झाली होती, आणि तरी त्या गप्पच होत्या.

साखळीमागून मावशी म्हणाल्या, "जा आता." आणि दार लागलं.

सोमवारी आमच्या बाकावर हे सगळं सांगून झाल्यावर फोटोताईंनी माझ्याकडे बघितलं. माझा घास हातातच होता. नऊ वर्षं मी आकडे मोजत होते. नऊ वर्षं मला वाटत होतं की माझ्याच हाताने एक बाई मरता मरता वाचली. आणि माझ्या शेजारी बसून, माझ्याच डब्यातलं लोणचं घेणाऱ्या या बाईला सगळं ठाऊक होतं.

"तुम्ही मला एकदा तरी सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"तुला काही वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही," त्या म्हणाल्या. खरं बोलत होत्या, आणि म्हणूनच माझा संताप जास्त झाला. मी डबा बंद केला आणि वर गेले.

अकरा दिवस मी खाली उतरले नाही. वरच्या सिस्टरांबरोबर जेवले. त्यांच्यातलीच एक म्हणाली, फोटोताई हल्ली त्या काळ्या खोलीतच डबा खातात, मॉनिटरच्या उजेडात. मला वाईट वाटलं, पण तेवढंच. मग कळलं की त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे लेखी कबुली दिली आहे, खुणा कशा केल्या, कोणी काय सांगितलं होतं, आणि सिस्टरचा यात काही दोष नव्हता असं स्वतंत्र वाक्य. त्यांना लेखी समज मिळाली. पगारवाढ एक वर्ष थांबली. आणि दवाखान्यात नवा नियम आला, हा प्रश्न पेशंटला तोंडी विचारायचा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचं.

बाराव्या दिवशी मी खाली गेले. राग गेला होता असं नाही. दार ढकललं तर त्या स्टुलावर बसून डबा खात होत्या. मला बघून त्यांनी शेजारच्या स्टुलावरची कागदं उचलली. दोघी जेवलो. बोललो ते पंख्याबद्दल, तो आवाज करत होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मावशी आल्या. सकाळीच, लाँड्रीवाल्याचा दंड धरून. फोटोताईंच्या खोलीच्या दारात थांबून म्हणाल्या, "आधी मला ते यंत्र हाताने बघू द्या."

फोटोताईंनी त्यांचा हात धरून यंत्रावर ठेवला. हनुवटीची वाटी, कपाळाची पट्टी, लेन्सची नळी. मावशींनी टेबलाखालीसुद्धा हात फिरवला. मग विचारलं, "आणि सिस्टर कुठाय?"

"ती आता इथे नसते. तिचं इथे कामच नाही."

तेव्हा कुठे मावशी बसल्या. फोटोताईंनी नवा फॉर्म घेतला आणि विचारलं, "पूर्वी कुठल्या औषधाने त्रास झाला होता का?"

"झाला होता. तुमच्याच इथे."

त्यांनी तसंच लिहिलं.

काम सोपं गेलं नाही. डाव्या डोळ्याला निळी खूणच दिसत नव्हती. उजवा डोळा स्थिर राहीना. पहिले तीन नकाशे वाया गेले. बाहेरचे पेशंट कुरकुरायला लागले. फोटोताईंनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "खूण दिसत नसेल तर नुसतं माझ्या आवाजाकडे बघा. मी समोरच आहे." चौथ्यांदा नकाशा आला.

डाव्या डोळ्याचा पडदा पार वठला होता, तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उजव्यात नजरेच्या केंद्राला लागून एक डाग होता, वाटाण्याएवढा दिसणारा, कडेला फिकट. फोटोताईंनी तो दोनदा पडताळला. सावली नव्हती, पापणी नव्हती. खरंच झिरपत होतं.

डॉक्टरीणबाईंनी मावशींना समोर बसवून सांगितलं. "हे थांबवता येईल. गेलेली नजर सगळी येणार नाही, पण आहे ती राहील, थोडी सुधारेलही. डोळ्यात औषधाचं इंजेक्शन द्यावं लागेल. दर महिन्याला एक, निदान पाच."

मावशींनी पदराने उजवा डोळा टिपला. मग म्हणाल्या, "बिनसुईची तपासणी म्हणून बोलावलंत आणि शेवटी सुई आलीच. तीही थेट डोळ्यात."

"हे औषध वेगळं आहे. तो डाय नाही. तरी तुम्हाला आधी सगळं सांगून, थांबून, बघून देऊ."

"विचार करते," मावशी म्हणाल्या. आठ दिवस विचार केला आणि आल्या.

तिसऱ्या मजल्यावर त्या दिवशी मीच होते. डोळा धुतला, बधिर करणारे थेंब घातले, चेहऱ्यावर कापड टाकलं. कापडाखालून मावशी म्हणाल्या, "तू तीच सिस्टर का गं?"

"हो मावशी."

"त्या दिवशी मी तुझा हात धरला होता. नखं लागली असतील तुला."

"नाही लागली."

"खोटं बोलू नकोस. मला माहितीये माझी नखं."

मी माझा हात त्यांच्या हातात दिला. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं. दोन सेकंदांचं काम. नंतर अर्धा तास मी त्यांच्याजवळ बसून राहिले, रक्तदाब मोजत. काही झालं नाही. मला मात्र जिन्यात जाऊन डोळे पुसावे लागले.

दर महिन्याला मावशी यायच्या. आधी खाली नकाशा, मग वर इंजेक्शन. डाग वाटाण्याचा मुगाएवढा झाला, मग मोहरीएवढा, आणि पाचव्या नकाशात नुसती फिकट खूण राहिली. त्यांना दुकानांच्या पाट्या वाचता यायला लागल्या. जाड लोकरीचं रफू जमायला लागलं. तलम कापडाचं पुन्हा कधी जमलं नाही. सुईत दोरा ओवणं तर नाहीच. म्हणून फोटोताई रविवारी त्यांच्याकडे जायला लागल्या. वेगवेगळ्या रंगांचे दोरे वीस-पंचवीस सुयांत ओवून एका जाड कापडावर ओळीने टोचून ठेवायच्या, म्हणजे आठवड्याचं काम भागायचं.

त्या दोघींची मैत्री झाली, असं मी म्हणणार नाही. मी एकदा मावशींना विचारलं होतं, "माफ केलंत का त्यांना?" तर म्हणाल्या, "माफ काय करायचंय? माझा एक डोळा गेला तो तिच्या त्या खुणेने मला दवाखान्याची भीती बसली म्हणून. दुसरा राहिला तोही तिच्यामुळे. मी हिशेब करत बसत नाही. येते, बसते, सुया ओवते. फार बोलत नाही ते एक बरं आहे." फोटोताईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्या बोलतात, मी ऐकते. पूर्वीसारखं."

दीड वर्ष असं चाललं. मग मावशींच्या भाचीने त्यांना आपल्या गावी न्यायचं ठरवलं. एकटीने राहणं आता बरं नव्हे, हे मावशींनाही पटलं होतं. फोटोताईंनी पंधरा दिवस त्या गावातल्या एकेका डोळ्यांच्या दवाखान्याला फोन लावले. पहिल्या चार ठिकाणी डायच होता. पाचव्या ठिकाणी नवं यंत्र निघालं, भाचीच्या घरापासून बसने पाऊण तास. फोटोताईंनी सगळे नकाशे तारखेप्रमाणे एका फायलीत लावले, तिथल्या फोटो काढणाऱ्याला एक चिठ्ठी लिहिली, उजवा डोळा स्थिर राहत नाही, घाई करू नका, आवाज देत राहा. आणि फायलीवर मोठ्या लाल अक्षरांत डायबद्दल लिहिलं.

बसस्टँडवर मीही गेले होते. मावशींनी खिडकीतून हात बाहेर काढला. फोटोताईंनी तो धरला. बस निघाली तेव्हा तो सुटला.

पुढच्या वर्षी फोटोताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी डॉक्टरीणबाई चांगलं बोलल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता त्या खोलीत एक तरुण मुलगी असते, हुशार आहे, कानात गाणी लावून काम करते. खोटा डाग दिसला की तिला तो ओळखता यावा म्हणून फोटोताईंनी जाण्याआधी तिच्याबरोबर दोन महिने घालवले.

मी त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जाते. जास्त जायला हवं, पण होत नाही. दोन खोल्या लख्ख असतात. शनिवारी भावाचा फोन येतो. खालच्या मजल्यावर कोणाकोणाचे पाय वाजतात ते त्या ओळखतात, पण त्यातल्या एकाशीही त्यांचं बोलणं नाही. मागच्या वेळी मी विचारलं, "करमतं का हो?"

"नाही," त्या म्हणाल्या. कपबशा उचलून आत ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "पण तू दर वेळी विचारू नकोस. मग तू गेल्यावर तेच डोक्यात राहतं."

दर तीन महिन्यांनी मावशींची भाची नव्या नकाशाचा फोटो पाठवते. तो आला की फोटोताई चष्मा लावून फोन खिडकीपाशी नेतात आणि दोन बोटांनी तो डोळा मोठा करून बघतात. परवा मी तिथे असतानाच आला. त्यांनी सावकाश एक कड बघितली, मग दुसरी, मग मधला भाग. पाच-सात मिनिटं तरी बघत होत्या. शेवटी भाचीला लिहिलं, 'कोरडा आहे. काळजी नको.' आणि फोन टेबलावर पालथा ठेवून, खोलीत अंधारलं होतं म्हणून, माझ्यासाठी दिवा लावायला उठल्या.